घडणावळ

दागिना घडवून घेतांना सोनारास जी मजुरी द्यावी लागते तिला आपण घडणावळ म्हणतों. तोच दागिना पुढें मोडावयास नेला म्हणजे ती घडणावळ परत मिळत नाहीं, ही गोष्ट घरोघरच्या स्त्रियांस ठाऊक आहे, आणि तिजबद्दल कोणी तक्रार करतांनाहि दिसत नाहीं. दागिना घेतांना जिचे पैसे मोजले ती वस्तु दागिना विकतांना कोठें नाहींशी झाली, हा प्रश्न आमच्याहि मनांत कधीं आला नव्हता. वाशिम जिल्ह्यांतील मानोरा या गांवीं एका सराफाच्या दुकानांत घडलेला एक साधा प्रसंग पाहिल्यापासून मात्र तो आमची पाठ सोडीना. प्रश्न दिसावयास व्यापारी आहे. परंतु विचार करूं लागल्यावर तो नीतीचा आहे असें आम्हांस वाटूं लागलें, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रसंग असा. आम्ही त्या दुकानीं एका किरकोळ कामासाठीं बसलों असतां सत्तरीच्या घरांतील एक लमाण बाई आपल्या सतरा-अठरा वर्षांच्या नातीस घेऊन आली. नातीला नर्सिंगच्या शिक्षणासाठीं पैसा पाहिजे होता. बाईनें गांठोडें सोडून एक हार पुढें ठेविला. जाड सुती दोऱ्यांत ओंवलेलीं जुनीं नाणीं, मधून मधून रंगीत कांचमणी, आणि खालच्या कांठाला कापडाच्या पट्टीवर शिवलेली कवड्यांची ओळ, असा तो हार होता. सराफानें एकेक नाणें निरखून पाहिलें, त्यांतील कांहीं चांदीचीं नसून निकेलचीं आहेत असें सांगितलें, आणि मग कात्री हातीं घेऊन तो म्हणाला, "मावशी, दोरा कापावा लागेल. कवड्या-मणी वजनांत धरतां येत नाहींत." बाईनें मान हालविली. दोरा कापला गेला. चांदीचीं नाणीं काट्यावर गेलीं; कवड्या, मणी, निकेलचे रुपये आणि दोऱ्याचे तुकडे यांचा एक लहानसा ढीग गादीच्या कडेला राहिला. भाव ठरून पैसे हातीं आल्यावर बाईनें त्या ढिगाकडे बोट करून विचारलें, "मंग याचं काय?"

"त्याचं काय असणार, मावशी? तें तुमचंच."

बाई हंसली. "माहं त हायेच, पन अख्खा पावसाया बसून ओवलं व्हतं म्या." एवढें बोलून तिनें तो ढीग पदरांत घेतला.

सराफानें त्या बाईस फसविलें काय? मुळींच नाहीं. त्याचा काटा बरोबर होता आणि भाव त्या दिवसाचा होता. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सोनारांच्या लबाडीचे अनेक प्रकार वर्णिले आहेत; खोट्या काट्यापासून आंतला माल हातोहात बदलण्यापर्यंत सर्व युक्त्या त्यांत आहेत. त्यांपैकीं एकहि येथें घडली नाहीं. उलट निकेलचीं नाणीं निराळीं काढून त्यानें आपला प्रामाणिकपणाच दाखविला. आणि तरीहि बाईच्या त्या एका वाक्यास त्याच्याजवळ उत्तर नव्हतें, व आमच्याजवळहि नव्हतें. कोणीच कांहीं चोरलें नाहीं, आणि तरी एका मनुष्याचें कांहीं तरी गेलें, असें होऊं शकतें काय? होत असेल तर तें गेलेलें काय, आणि त्याची जबाबदारी कोणावर?

हा प्रश्न मानोऱ्यास पडावा यांत विशेष आहे. याच तालुक्यांत पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि तेथें असल्यामुळें देशभरच्या बंजाऱ्यांचें तें मोठें तीर्थ झालें आहे, आणि रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या प्रांतांतून लोक तेथें लोटतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखोमुलूख हिंडणारा हा समाज. सन १८६७ मध्यें मुंबईकडून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला, आणि अशा मार्गांनीं बैलांच्या वाहतुकीचा धंदा हळूहळू बसविला. ज्यांचें बिऱ्हाड आज येथें तर उद्यां तेथें, त्यांनीं आपली ठेव कोठें ठेवावी? त्यांनीं ती अंगावर वागविली. गळ्यांत चांदीची हांसली, गालांवर लोंबणारी घुगरी-टोपली, नाकांत भुरिया, हातांत दंडापर्यंत हस्तिदंती बलिया. फेटिया आणि कांचळी यांवर आरशांचे तुकडे, कवड्या व नाणीं. वस्त्र कोठें संपलें आणि अलंकार कोठें सुरू झाला हें सांगणें कठीण. धातु, कांच, हाड, शिंपला आणि कापूस यांचा इतका मोकळा मिलाफ आपल्या पांढरपेशा घरांतील डब्यांत सहसा आढळत नाहीं.

आतां त्या कापलेल्या हाराकडेच पाहूं. त्यांतील कवडी ही समुद्राची. पूर्वीं ती मुख्यतः मालदीव बेटांकडून येई. बंगालमध्यें तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाजारांत कवड्यांचें चलन होतें. आपल्या भाषेनें तिला "कवडीमोल" करून टाकलें खरें, परंतु त्याच महाराष्ट्रांत तुळजापूरच्या भवानीचे भक्त कवड्यांची माळ भक्तिभावानें गळ्यांत घालतात. नाण्यांची गोष्ट याहून मौजेची आहे. इंग्रजी अमलांतील जुना रुपया तोळाभर वजनाचा असे व त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी असे. महायुद्धाच्या काळांत, सन १९४० पासून, चांदीचें प्रमाण निम्म्यावर आलें. सन १९४७ च्या रुपयांत तर चांदी मुळींच राहिली नाहीं, तो निकेलचा झाला. नांव मात्र रुपयाच. बाईच्या हारांत हे तिन्ही रुपये शेजारीं शेजारीं ओंवलेले होते. तिच्या आईनें ते मिळविले तेव्हां तिन्हींना बाजारांत सारखेंच धान्य मिळत होतें, आणि तिन्हींसाठीं सारखाच घाम गाळावा लागला होता. काट्यानें त्यांना निराळें केलें. दोऱ्यानें केलें नव्हतें.

येथें कोणी म्हणेल कीं, हलक्या आणि भारी वस्तूंची अशी सरमिसळ करणें हाच मूळचा दोष. शुद्ध चांदीचा हार केला असता तर कात्री लावावीच लागली नसती. शुद्धतेचें हें प्रेम आपल्या सुशिक्षित वर्गांत फार आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करूं. चोवीस कॅरट सोनें इतकें मऊ असतें कीं त्याचा नाजूक दागिना टिकत नाहीं. त्यांत तांबें किंवा चांदी मिसळावीच लागते. सन २०२१ च्या जून महिन्यापासून आपल्या देशांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होऊं लागला, त्यांतील ९१६ या आंकड्याचा अर्थच असा कीं हजार भागांत ९१६ भाग सोनें आहे आणि उरलेले ८४ भाग दुसरें कांहीं आहे. मंगळसूत्राइतका पवित्र दागिना आपल्याकडे दुसरा नाहीं; त्यांतील काळे मणी कांचेचे असतात. कोल्हापुरी साजाच्या सोनेरी पत्र्याखालीं लाख असते. नथ तर मोत्यांवांचून होतच नाहीं. तेव्हां संकर हा दोष म्हटला तर तो लमाण बाईच्या हारापुरता राहत नाहीं. आपल्या देवघरापर्यंत येऊन पोंचतो.

मग भेसळ म्हणून ज्याची आपण निंदा करतों तें काय? सिरॅक्यूजच्या हायरॉन राजाच्या मुकुटाची गोष्ट शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. त्यांत चांदी मिसळली होती, एवढ्यानें सोनार गुन्हेगार झाला नाहीं. चांदीनें सोन्याचें नांव घेतलें, म्हणून तो गुन्हेगार झाला व तें उघडकीस आणण्यास आर्किमिडीजला डोकें खाजवावें लागलें. हलक्या वस्तूनें भारी वस्तूचें नांव व मोल लाटलें म्हणजे ती भेसळ. ज्यांत प्रत्येक वस्तु आपल्या स्वतःच्या नांवानें व आपल्या स्वतःच्या जागीं उभी राहते, तो मिलाफ. लमाण हारांतील कवडी आपण मोती आहों असें सांगत नाहीं, आणि कांच रत्नाचें सोंग आणीत नाहीं. या दृष्टीनें पाहतां तो हार फार सचोटीचा आहे. हॉलमार्काचा आंकडाहि दुसरें काय करतो? तो मिश्रण बंद करीत नाहीं; मिश्रणास बोलतें करतो.

परंतु उघडा मिलाफ म्हणजे प्रत्येक वेळीं निर्दोष मिलाफ, असेंहि आम्हांस म्हणावयाचें नाहीं. हस्तिदंती बलियांचेंच उदाहरण घ्या. सधवेच्या सौभाग्याचें तें चिन्ह. परंतु तें हत्तीच्या मृत्यूवांचून क्वचितच हातीं येई. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांत १९८६ आणि १९९१ सालीं झालेल्या दुरुस्त्यांनीं हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशांत बंद केला. १९८९ सालीं आफ्रिकन हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासहि बंदी करण्याचें ठरलें. अर्थात् कोणती वस्तु कोणत्या वस्तूशीं जोडावी हा केवळ रुचीचा प्रश्न नसून, ती मिळवितांना कोणाचा जीव गेला, हेंहि विचारावें लागतें. बंजारा स्त्रियांनीं त्या जागीं हाडाच्या, आणि पुढें प्लास्टिकच्या बांगड्या घातल्या. सौभाग्याचा अर्थ त्यामुळें तसूभर कमी झाला नाहीं. यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. वस्तु बदलली तरी तिची जागा कायम राहिली, आणि अर्थ त्या जागेला चिकटलेला होता. ती जागा कोण ठरवितो? दागिना जोडणारा ठरवितो. हार हा नाण्यांचा नव्हे आणि कवड्यांचा नव्हे. नाण्यानंतर मणी आणि मण्यानंतर नाणें येईल हें जिनें एका पावसाळ्यांत बसून ठरविलें, तिचा तो. दोरा कापला तेव्हां चांदी होती तितकीच राहिली, कवड्याहि तितक्याच राहिल्या. नाहींशी झाली ती त्यांची मांडणी. सराफानें जी वस्तु घेतली नाहीं आणि बाईस जी परत मिळाली नाहीं ती हीच.

या ठिकाणीं वाचकांस आरंभींच्या घडणावळीची आठवण होईल. मांडणीला बाजारांत किंमतच नाहीं असें नाहीं. आपण दुकानांत नवा दागिना घेतों तेव्हां तिची किंमत धातूच्या किंमतीवर चढवून आपल्यापासून वसूल केली जाते, आणि ती आपण मुकाट्यानें देतों. मुंबई-पुण्याकडील दुकानांत हल्लीं कवड्या, कापड, कांच आणि रुपेरी धातु यांचे हार "बंजारा घाटाचे" म्हणून विकावयास ठेवतात. त्यांत धातूची किंमत थोडकी असते, घाटाचीच मोठी असते. म्हणजे हाच मिलाफ महानगरांतल्या कांचेमागें मोलाचा, आणि ज्या बायकांनीं तो मुळांत शोधून काढला त्यांच्या हातांतून सुटतांना मोडीचा. तीच वस्तु एके ठिकाणीं धन आणि दुसरे ठिकाणीं केर कां ठरावी? आम्हांस दिसणारें कारण असें, कीं विकणाऱ्याच्या हातीं बळ असतें तेव्हां घडणावळ मोजली जाते, आणि विकणाऱ्यास गरज असते तेव्हां ती सोडून दिली जाते. लमाण बाईच्या हाराची घडणावळ तर कधींच मोजली गेली नव्हती. ती तिनें स्वतः केली होती; तिचें बिल कोणी कोणास दिलें नव्हतें. ज्या श्रमाची पावती नाहीं तो श्रम झालाच नाहीं, असें धरून चालण्याची जगाला संवय आहे.

यावर एक खडा आक्षेप आहे, आणि तो आम्हीं स्वतःलाच अनेकदां घातला आहे. पोटभर जेवून बसलेल्या माणसानें "असा सुंदर हार मोडूं नये" म्हणून हळहळणें फार सोपें आहे. त्या बाईला नातीची फी भरावयाची होती. हारापेक्षां नातीचें शिक्षण मोठें, हें तिला आमच्याहून चांगलें समजत होतें. शिवाय अंगावरची ठेव ही अडचणीच्या वेळीं मोडावी म्हणूनच तर असते. जो दागिना कधींच मोडावयाचा नाहीं तो ठेव कसली? हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. हार मोडणें पाप, असें आमचें म्हणणें नाहीं. सराफानें कवड्यांचें वजन धरावें असेंहि नाहीं. त्याचा काटा धातूपुरता आहे, आणि धातूपुरता तो खरा आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं त्याच्या काट्यास आपण आपला काटा समजूं नये. दुकानांत जें वजा जातें तें मनांतूनहि वजा करणें, ही आपली चूक आहे, सराफाची नव्हे.

ही चूक दागिन्यापुरती राहती तर आम्हीं इतका कागद खर्च केला नसता. परंतु आपल्या घरांतहि ती रोज होत असते. एखाद्या कुटुंबांत वाटणी होते, तेव्हां शेत, घर, भांडीं, सोनें यांची मोजदाद होते आणि ती न्यायानेंच होते. पण तीं चार भावंडें, त्यांच्या निरनिराळ्या घरांतून आलेल्या सुना, त्यांचे निरनिराळे स्वभाव, कोणाचें उणें कोणाचें अधिक, हें सारें चाळीस वर्षें जिनें एका ओळींत राखलें, तिचा भाग कोणत्या यादींत असतो? बहुधा कोणत्याच नाहीं. म्हातारीकडे काय निघालें असें विचारलें म्हणजे दोन पाटल्या आणि एक नथ एवढेंच सांगितलें जातें. तिची घडणावळ कोणी लिहून ठेवलेली नसते, आणि दोरा तुटल्यावरच ती होती असें कळून येतें. गांवाची आणि देशाचीहि गोष्ट याहून निराळी नाहीं. निरनिराळ्या जातींचे, भाषांचे, धर्मांचे लोक एका ओळींत राहतात तेव्हां त्यांतील भारी कोण आणि हलका कोण याचा हिशेब हिरिरीनें होतो. त्यांना शेजारीं शेजारीं बसविण्याचे कष्ट ज्यांनीं केले त्यांची आठवण क्वचितच निघते.

मग करावें काय? वस्तुसंग्रहालयें करावीं असें कोणी सुचवील. पोहरादेवीस बंजारा विरासत संग्रहालय झालें आहे; त्याचें उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. मोडीच्या भट्टींतून वांचलेला अलंकार तेथें कांचेमागें सुरक्षित राहील, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु संग्रहालय हार जतन करूं शकतें, ओंवणें जतन करूं शकत नाहीं; तें हाताला यावें लागतें, आणि एका हाताकडून दुसऱ्या हातास मिळावें लागतें. म्हणून आमची सूचना फार लहान आहे. ज्यांच्या घरीं जुना दागिना मोडावयाची पाळी येईल त्यांनीं ती पाळी निमूटपणें पत्करावी. पण दोरा कापण्यापूर्वीं तो कोणीं ओंवला, कोणत्या वेळीं ओंवला, कोणती वस्तु कोठून आली, हें घरांतल्या मोठ्या माणसास विचारून घ्यावें. काट्यावर न आलेलें जें असेल तें दुकानांत टाकून येऊं नये. आणि ज्यांस असे हार विकत घेऊन मिरवावयाचे असतील त्यांनीं घडणावळ देतांना ती ओंवणाऱ्या हातांपर्यंत जाते कीं नाहीं, याची चौकशी करण्याचा त्रास घ्यावा. यानें जगांतला अन्याय संपणार नाहीं. पण एक हिशेब थोडा पुरा होईल.

त्या दिवशीं दुकानाच्या पायरीवर नात थांबली. तिनें आजीच्या पदरांतील ढीग आपल्या रुमालांत घेतला, त्यांतील एक कवडी उचलून तिच्या पाठीचें भोंक बोटानें चांचपून पाहिलें, आणि आजीस त्यांच्या बोलींत कांहीं विचारलें. आजीनें हवेंतच सुई धरल्यासारखा हात करून दोरा कसा फिरवावयाचा तें दाखविलें. बस यावयास अद्याप वेळ होता. दोघी तेथेंच बसल्या.